आधी खांब, मग ड्रॅगन: प्राथमिक वर्गात चिनी लाकडी वास्तुकला शिकवताना

चिनी वास्तुकलेचा तास म्हटला की वर्गात बहुधा लाल चार्ट पेपर, सोनेरी टिकल्या आणि छपरावर एक ड्रॅगन येतो. मुलं खूश होतात, प्रदर्शनात टेबल उठून दिसतं, पण त्या खोक्यात चिनी असं काहीच नसतं, कारण खोक्याला भिंती असतात आणि छप्पर भिंतींवर बसवलेलं असतं. चीनच्या जुन्या लाकडी इमारतीत छपराचा भार खांब घेतात. भिंत फक्त वारा आणि थंडी अडवते. चिनी सुतारांची जुनी म्हणच आहे की भिंत पडली तरी घर पडत नाही. मुलांच्या हाताला एवढं एक कळलं की छप्पर, पशू, रंग यांची कारणं ती स्वतःच विचारू लागतात. म्हणून सांगाड्यापासून सुरुवात करा आणि रंगाच्या बाटल्या शेवटच्या तासापर्यंत कपाटात ठेवा.

हा पाठ तिसरी ते पाचवीला चांगला जमतो. ३५-४० मिनिटांचा एकेक तास धरला तर सहा तास लागतात. दौगोंग (खांबावरची ठोकळ्या-बाहूंची उतरंड) आणि छप्पर या दोन कामांना मात्र जोडतास मागून घ्या, नाहीतर फेविकॉल वाळायच्या आतच घंटा होते.

चित्रं निवडताना

तीनच इमारती दाखवा, पण मोठ्या प्रिंटवर. पहिली शान्शी प्रांतातल्या वुताई पर्वतावरच्या फोग्वांग मंदिराचं पूर्व सभागृह, इ.स. ८५७ मधलं. दुसरी यिंगश्येनचा लाकडी पॅगोडा, १०५६ मधला, ६७ मीटरहून उंच. तिसरी बीजिंगच्या राजवाड्यातलं ताइहे सभागृह. राजवाडा १४०६ ते १४२० मध्ये बांधला गेला, पण या सभागृहाची आजची इमारत १६९५ ची आहे. या तिन्हींवर सगळा पाठ उभा राहतो.

इंटरनेटवर ‘चायनीज टेम्पल’ शोधलं की जपानी चित्रंही भरपूर येतात. दोन उभे खांब आणि वर दोन आडव्या तुळया असलेली लाल कमान ही जपानी तोरी. दगडी चौथऱ्यावरचा पांढरा मजली किल्लाही जपानचाच. प्रिंट काढण्यापूर्वी ही चित्रं बाजूला करा. एकदा भिंतीवर लागलं की मुलं वर्षभर तेच गिरवतात.

पॅगोडा दाखवताना एक दुवा जरूर सांगा. पॅगोड्याचं मूळ भारतीय स्तूपात आहे, बौद्ध धर्माबरोबर तो चीनला गेला आणि तिथल्या मजली मनोऱ्यांशी त्याचं लग्न लागलं. कार्ले किंवा भाजे लेणी पाहिलेल्या मुलांना चैत्यगृहातला दगडी स्तूप आठवेल. मुंबईच्या शाळांना माझगावचं चिनी मंदिर जवळ आहे. मात्र ते साध्या घरासारख्या इमारतीत आहे, तेव्हा चिनी समाज इथे कसा आला हे सांगायला मुलांना तिथे न्या, छपराचा धडा घ्यायला नको.

पहिला तास: भिंत काढून बघणे

दोन नमुने आधीच करून ठेवा. एक बुटांचं खोकं, त्यावर पुठ्ठ्याचं छप्पर. दुसऱ्यात पुठ्ठ्याच्या तळावर वर्तमानपत्राच्या घट्ट गुंडाळलेल्या आठ नळ्या, त्यांची डोकी आडव्या पट्ट्यांनी जोडलेली, वर तसंच छप्पर आणि खांबांमध्ये नुसत्या सरकवलेल्या कागदी भिंती. आता एका मुलाला दोन्हींच्या भिंती काढायला सांगा. खोक्याची भिंत कापताच छप्पर बसतं. दुसऱ्याला काहीच होत नाही. यावर भाषण देऊ नका. ‘मग दार कुठे ठेवता येईल?’ एवढंच विचारा. ‘कुठेही’ हे उत्तर मुलांकडूनच येतं.

याच तासात मोजायला शिकवा. चिनी इमारतीची रुंदी खांबांवरून ठरत नाही, दोन खांबांमधल्या खणांवरून ठरते. समोर चार खांब म्हणजे तीन खण. फोग्वांगचं सभागृह सात खणी आहे, ताइहे अकरा खणी. खणांची संख्या विषम ठेवायचा रिवाज आहे, म्हणजे मधला खण दाराला मिळतो आणि बहुधा तोच सर्वांत रुंद असतो. निम्मी मुलं पहिल्यांदा खांबच मोजतात आणि फोग्वांगला आठ सांगतात. चित्रावर प्रत्येक खणात बोट ठेवून मोजायला लावा.

दुसरा आणि तिसरा तास: दौगोंग

इथे घाई करू नका, पाठाचा गाभा हाच आहे. खांबाच्या डोक्यावर आणि वळचणीखाली ठोकळे आणि बाहू यांची जी उतरंड दिसते तिला दौगोंग म्हणतात. दौ म्हणजे ठोकळा, गोंग म्हणजे त्यावर आडवा बसणारा बाहू. वरचं ओझं रुंद जागेवरून गोळा करून खांबाच्या अरुंद डोक्यावर आणायचं आणि वळचण खांबाच्या बरीच पुढे न्यायची, ही त्याची कामं. फोग्वांगला वळचण खांबांपुढे सुमारे ४ मीटर येते. ती तशी नसती तर पावसाने खांबांचे पाय कधीच कुजले असते.

मापं सोंग राजवटीतल्या ‘यिंगझाओ फाशी’ या बांधकामाच्या सरकारी नियमग्रंथातून घ्या. ली ज्ये या अधिकाऱ्याने तो ११०० मध्ये पुरा केला, ११०३ मध्ये तो छापला गेला. त्यात एकच माप धरून सगळी इमारत ठरवली आहे: बाहूची उंची १५ भाग, जाडी १० भाग. इमारत लहान-मोठी असेल तसा भाग लहान-मोठा होतो, त्याच्या आठ श्रेणी दिल्या आहेत. वर्गासाठी १ भाग = २ मिलिमीटर धरा. मग बाहू ३० मिमी उंच आणि २० मिमी जाड होतो. पाचपदरी खोक्याच्या पुठ्ठ्याचे तीन थर चिकटवले की साधारण २० मिमी भरतात.

१५ला १० का, हे एका प्लास्टिकच्या फूटपट्टीने दाखवा. दोन पुस्तकांवर ती आडवी टाकून मधोमध बोट दाबा, वाकते. तीच काठावर उभी धरून दाबा, वाकत नाही. म्हणून बाहू रुंदीपेक्षा उंच. गणिताच्या तासाला गुणोत्तर शिकवणाऱ्या सहकाऱ्याला हे आधी कळवून ठेवलंत तर दोघांचंही काम हलकं होईल.

एका दौगोंगला लागणारे भाग असे:

– तळाचा मोठा ठोकळा: ६४ मिमी चौरस, ४० मिमी उंच. सहा थर. खालून वर ४८, ५४, ६० आणि ६४ मिमीचे चार चौरस. वरच्या दोन थरांत अख्खा चौरस नाही, चार कोपऱ्यांवर २२ मिमीचे चार तुकडे. मध्ये आपोआप २० मिमी रुंदीची अधिक चिन्हासारखी खाच तयार होते.
– भिंतीच्या रेषेतला बाहू: १२४ मिमी लांब. मधोमध वरून खाच, २० मिमी रुंद, १५ मिमी खोल.
– बाहेर येणारा बाहू: १४४ मिमी लांब. तशीच खाच, पण खालून.
– लहान ठोकळे पाच: ३२ × २८ मिमी, २० मिमी उंच. तीन थर, तळाचा थर चारी बाजूंनी ४ मिमी आत.

कटर मुलांच्या हाती देऊ नका. पाचपदरी पुठ्ठा मुलांच्या कात्रीने कापला जात नाही, चिरडला जातो. तुकडे शिक्षकांनी कापून आणायचे, आखणी, चिकटवणं आणि जुळणी मुलांनी करायची. एका दौगोंगला तेहतीस तुकडे लागतात. प्रत्येक गटाला एक द्यायचा म्हणाल तर रात्र जाईल. वर्गाला तीन संच पुरे. एक गट जोडत असताना बाकीचे समोरून आणि बाजूने चित्र काढतात. तेही काम वाया जात नाही, कारण दोन बाजूंचं चित्र काढल्याशिवाय बाहू एकमेकांतून कसे जातात हे डोळ्याला उमगत नाही.

जोडायचा क्रम: मोठा ठोकळा, त्याच्या खाचेत १२४ मिमीचा बाहू (खाच वर), त्यावरून आडवा १४४ मिमीचा (खाच खाली), मग बाहूंच्या चार टोकांवर चार लहान ठोकळे आणि मधोमध पाचवा. एका तुकड्याचे थर आपसात चिकटवलेले असतात, पण तुकडा तुकड्याला चिकटवायचा नाही. खऱ्या दौगोंगातही भाग एकमेकांत खाच आणि कूस (खाचेत शिरणारं टोक) यांनी बसतात.

घोटाळे ठरलेले आहेत. दोन्ही बाहूंना वरूनच खाच पाडली की एकावर एक बसतात, एकमेकांत जात नाहीत. कापण्यापूर्वी पेन्सिलीने ‘वर’ आणि ‘खाली’ लिहून घ्या. खाच सैल होते ती मापाच्या चुकीने: पुठ्ठ्याचे तीन थर फेविकॉल लावून दाबले की कधी १८ मिमीच भरतात. आदल्या दिवशी टाकाऊ तुकड्यांचे तीन थर चिकटवून रात्रभर पुस्तकांखाली ठेवा, सकाळी जाडी मोजा आणि खाच तेवढीच पाडा. खाचेजवळ बाहू फाटत असेल तर तिन्ही थरांतल्या नळ्या एकाच दिशेने गेल्या आहेत. मधल्या थराच्या नळ्या उभ्या ठेवा, बाहेरच्या दोन थरांच्या आडव्या. आणि बाहूची टोकं गोलसर करायची ती फक्त खालच्या बाजूला, १२ मिमी कोपरा दोन सरळ कापांत काढून. उत्साहाच्या भरात वरचा कोपरा उडवला की लहान ठोकळ्याला बसायला जागाच उरत नाही.

आता परीक्षा. ३० सेंटिमीटरचा पुठ्ठा नुसत्या मोठ्या ठोकळ्यावर ठेवून त्याच्या दोन्ही कडांवर खोडरबर ठेवत जा. कधी कलंडतो ते फळ्यावर लिहा. मग पूर्ण दौगोंगवर हाच खेळ करा. आधार साडेसहा सेंटिमीटरवरून चौदा सेंटिमीटरवर गेला आहे, त्यामुळे बरेच जास्त खोडरबर टिकतात. तोल साधायला मुलं दोन्ही कडांवर एकाच वेळी ठेवू लागतात. ठेवू द्या, खरी वळचणही मागच्या भाराने तोललेली असते.

एक खुलासा याच तासाला करून टाका. ‘चीनमध्ये खिळाच वापरत नसत’ हे वाक्य सगळीकडे छापलेलं असतं, पण ते खरं नाही. सांगाड्याचे मुख्य सांधे खिळ्याविना असतात, वासे आणि कौलं यांना मात्र खिळे लागतात. छपरावरच्या पशूंपर्यंत पोचाल तेव्हा हा खिळा उपयोगी पडेल.

फोग्वांगचा आणि ताइहेचा फोटो शेजारी धरून मुलांना वळचणीखाली बघायला सांगा. जुन्या इमारतीत दौगोंग थोडे आणि दांडगे, उंचीने खांबाच्या जवळपास निम्मे. मिंग-चिंग राजवटींच्या काळातल्या (चौदाव्या ते विसाव्या शतकातल्या) इमारतींत लहान आणि दाटीवाटीने, ओझ्यापेक्षा शोभेकडे झुकलेले. मुलांना हा फरक लगेच दिसतो.

चौथा आणि पाचवा तास: छपराची वळणदार उतरण

चिनी छप्पर वळलेलं दिसतं म्हणून मुलं चार्ट पेपर हाताने वळवतात आणि मधे पोक येतो. खऱ्या छपरात एकही लाकूड वाकवलेलं नसतं. आडव्या दांड्या वेगवेगळ्या उंचीवर असतात, दोन दांड्यांमध्ये वासे सरळच जातात, आणि अशा सरळ तुकड्यांची मिळून वळणदार रेघ होते. आढ्याजवळ उतार तीव्र, वळचणीला मंद. कौलांवरचं पाणी वेगाने येतं आणि भिंतीपासून दूर पडतं.

उंची ठरवायचा सोंग काळातला नियम मुलांना करून बघता येईल इतका सोपा आहे. मोठ्या सभागृहात आढ्याची उंची पुढच्या-मागच्या वळचणीच्या दांड्यांमधल्या अंतराच्या एक तृतीयांश धरायची. आपला नमुना २४ सेंमी खोल आहे, म्हणजे आढं ८ सेंमी उंच. वळचणीपासून आढ्यापर्यंत दर ४ सेंमीवर एक दांडी. आलेखाच्या कागदावर आढ्यापासून वळचणीपर्यंत सरळ रेघ ओढा. आढ्याखालच्या पहिल्या दांडीशी ती ५.३ सेंमीवर येते. तिथून उंचीचा दहावा भाग, म्हणजे ०.८, खाली या: ४.५. आता या बिंदूपासून वळचणीपर्यंत नवी रेघ. पुढच्या दांडीशी ती २.३वर येते. तिथून विसावा भाग, ०.४, खाली: १.९. वळचणीपासून उंची झाली ०, १.९, ४.५, ८. तिसरीच्या मुलांना हे चार आकडे तयार द्या, पाचवीला रेघा ओढू द्या.

एका नमुन्याला लागतं ते असं: वर्तमानपत्राच्या १२ सेंमी उंचीच्या आठ घट्ट नळ्या (खांब), पाण्याच्या बाटलीची आठ झाकणं (खांबाखालचे दगड), पाचपदरी पुठ्ठ्याच्या दीड सेंमी उंच पट्ट्या २४, १६ आणि ८ सेंमी लांबीच्या, प्रत्येकी चार, ३० सेंमीच्या सात बांबूच्या काड्या (काड्यांची टोकं छाटून टाका), आणि एक चार्ट पेपर.

खांब दोन रांगांत चार-चार उभे करा, समोरून खण ८, १० आणि ८ सेंमी. खांब झाकणात मोकळे ठेवा, तळाला चिकटवू नका. खरे खांबही दगडावर नुसते टेकलेले असतात. डोकी मात्र आडव्या पट्ट्यांनी एकमेकांना पक्की बांधा, कारण तीच सगळ्यांना धरून ठेवतात. मग समोरासमोरच्या प्रत्येक जोडीवर २४ सेंमीची तुळई, तिच्या दोन्ही टोकांपासून ४ सेंमी आत पुठ्ठ्याचा ४ मिमीचा तुकडा, त्यावर १६ सेंमीची तुळई, पुन्हा ४ सेंमी आत ११ मिमीचे दोन टेकू, त्यावर ८ सेंमीची तुळई आणि तिच्या मधोमध साडेतीन सेंमीचा टेकू. तुळयांच्या टोकांवर आणि माथ्यावर मिळून सात काड्या आडव्या टाका. उंची बरोबर आली तर काड्या चारही चौकटींवर टेकतात. एखादी अधांतरी राहिली की कुठल्या चौकटीचा टेकू चुकला ते मुलं स्वतः शोधतात, तुम्ही बोट दाखवू नका.

छपराचा कागद ३० सेंमी रुंद आणि ३९ सेंमी लांब. मधोमध आढ्याची घडी, दोन्हीकडे तिच्यापासून ५.३, मग ४.८, मग ४.४ सेंमीवर घड्या, उरलेले ५ सेंमी वळचण. घडीच्या जागी शाई संपलेलं बॉलपेन पट्टीला धरून फिरवा, नाहीतर चार्ट पेपर वेडावाकडा मोडतो. आढ्याची घडी एका बाजूला जाते आणि बाकीच्या उलट्या, हे विसरलं की छप्पर ओळखीच्या साध्या कौलारू घरासारखं फुगीर होतं.

छपराचे कोपरे वर वळवायच्या भानगडीत पहिल्या वर्षी पडू नका. त्याला चारही बाजूंना उतार असलेलं छप्पर आणि कोनवासे लागतात, ते या वयात साधत नाही. दोनच पाख्यांचं हे छप्पर अस्सल चिनी आहे. दर्जाचा चढता क्रम चित्रांवरून सांगा: दोन पाख्यांची छपरं खाली, दोन आणि चार पाख्यांचं मिश्रण असलेलं नऊ कण्यांचं (कणा म्हणजे दोन पाखी मिळतात ती धार) त्यावर, चार पाख्यांचं सर्वांत वर, आणि ताइहेसारखं दुहेरी वळचणीचं चार पाख्यांचं सगळ्यांच्या डोक्यावर.

झालेल्या नमुन्याच्या खांबांमध्ये पहिल्या तासासारख्या कागदी भिंती सरकवा आणि तो ट्रेवर ठेवून हळूच हलवा. भिंती आधी पडतात.

सहावा तास: पशू आणि रंग

छपराच्या उतरत्या कण्यावर रांगेने बसलेले पशू मुलांना सर्वांत आवडतात. सर्वांत पुढे पक्ष्यावर बसलेला अमर पुरुष, तो मोजणीत धरत नाहीत. त्याच्यामागे इमारतीच्या मानाप्रमाणे ३, ५, ७ किंवा ९ पशू. ताइहेवर दहा: ड्रॅगन, फीनिक्स, सिंह, दिव्य घोडा, सागरी घोडा, सिंहासारखा सुआन-नी, माशासारखा या-यू, खरं-खोटं ओळखणारा श्ये-झी, शिंगांचा दौ-न्यू आणि शेवटी पंख असलेला माकडतोंड्या हांग-शी. उतारावरची कौलं घसरू नयेत म्हणून खिळा मारायचा आणि त्या भोकातून पाणी जाऊ नये म्हणून वर झाकण घालायचं. त्या झाकणाचा पशू झाला.

आपल्या तीन खणी घराला तीनच पशू, मातीचे, दोन-दोन सेंमीचे. दहा बसवायचा हट्ट होईल. ‘हे घर सम्राटाचं आहे का?’ असं विचारा. आढ्याच्या दोन टोकांना तोंडात कणा धरलेला मोठा पशू असतो, तो या रांगेतला नाही. मुलं दोन्हींची गल्लत करतात. चिकणमाती ओली असतानाच तिच्यात टाचणी रोवा, वाळल्यावर रोवली तर पशू दुभंगतो.

रंगाचं सूत्र थोडक्यात: राजवाड्यात पिवळी कौलं, लाल खांब, वळचणीखाली निळा-हिरवा. राजपुत्रांच्या वाड्यांना हिरवी कौलं. राजवाड्यातल्या वनयुआन ग्रंथालयाची कौलं काळी, कारण काळा रंग पाण्याचा आणि पुस्तकांना भीती आगीची. बीजिंगच्या सामान्य घरांची विटा-कौलं राखाडी, दक्षिणेत सुचौकडे पांढऱ्या भिंती आणि गडद कौलं. प्रत्येक गटाने रंग लावण्यापूर्वी घर कुणाचं ते चिठ्ठीवर लिहावं. एवढ्या एका अटीने लाल-सोनेरी खोकी बंद होतात.

वेळ उरला तर आलेखाच्या कागदावर सिहयुआन, म्हणजे चौकाभोवतीच्या चार घरांचा आराखडा काढून घ्या: उत्तरेला दक्षिणमुखी मुख्य घर, पूर्व-पश्चिमेला मुलांची घरं, दार मात्र मधोमध नाही, आग्नेय कोपऱ्यात, आणि दारातून आत आल्याबरोबर समोर आडोशाची भिंत. वाडा पाहिलेली मुलं दार मधोमधच काढतात.

तपासताना

गुण नीटनेटकेपणाला देऊ नका. तीन प्रश्न तोंडी विचारा: या भिंतीने काय धरलं आहे? हा बाहू काढला तर काय पडेल? तुझ्या घराला किती खण? पहिल्याचं उत्तर ‘काहीच नाही’ असं येत असेल तर पाठ पोचला. दौगोंगचे तीनही संच सुटे करा, तुकड्यांवर क्रमांक टाका, तांदळाच्या जाड पिशवीत दोन-चार डांबरगोळ्यांसह बांधून ठेवा. पावसाळ्यात पुठ्ठ्याला वाळवी आणि ओल दोन्ही लागतात, तेव्हा पिशवी जमिनीवर नको, वरच्या फळीवर ठेवा.